उत्तराची चाल

श्रुतीने प्रमोद मर्चंडेशी लग्न केलं ते एका कागदासाठी. हे ती कोणाला सांगत नसे. सांगून कोणाला पटलं नसतं.

चौदा वर्षांपूर्वी रत्नागिरीत चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तिने स्वतः बांधलेली एक चाल गायली होती. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, एका हायस्कुलात संगीत शिक्षिका म्हणून नुकतीच लागलेली. कार्यक्रम संपल्यावर एक उंच, लाजरा तरुण पुढे आला. सरकारी कचेरीत कारकून आहे म्हणाला, आणि चालीचं नोटेशन मिळेल का असं विचारलं. तिने सा रे ग म लिहून दिलं आणि विसरून गेली. आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत तो शाळेत हजर. हातात एक कागद, त्यावर दुसरीच एक चाल लिहिलेली.

"तुम्ही तुमची गा," तो म्हणाला. "मी ही पेटीवर वाजवतो. थांबू नका."

ती थांबली. दुसऱ्या ओळीतच थांबली. पेटीची साथ तिला लहानपणापासून माहीत होती. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या मागून चालणं. ही चाल मागून येत नव्हती. ती वर चढली की ही खाली उतरत होती, ती एका स्वरावर थांबली की ही चालू लागत होती. दोन्ही चाली स्वतंत्र, वेगवेगळ्या माणसांच्या वाटाव्यात अशा, आणि तरी एकीमुळे दुसरीला अर्थ येत होता. आपली चाल इतकी बारकाईने आजवर कोणी ऐकलेली नाही, असं तिला वाटलं.

"याला काउंटरपॉइंट म्हणतात," प्रमोद म्हणाला.

"कुठे शिकलात?"

"असंच. ऐकून ऐकून."

घरच्यांनी तिच्यासाठी मुंबईचा एक बँकेतला मुलगा पाहून ठेवला होता. तिने नाही म्हटलं. ज्या माणसाला आपल्या चालीचं असं उत्तर सुचतं, त्याच्याबरोबर आयुष्य काढता येईल, एवढाच तिचा हिशोब होता. वर्षाच्या आत विहारात लग्न झालं.

पुढची तेरा वर्षं त्यांच्या घरात हेच चाललं. मूल झालं नाही, तो विषय दोघांनी कधीच मिटवला होता. शनिवारी श्रुती एखादी चाल बांधून कागदावर उतरवायची. रविवारी सकाळी प्रमोद भाट्याचा पूल ओलांडून गावी आईला भेटायला जायचा, कागद खिशात घालून. कातळावरच्या हवेत सुचतं, असं म्हणायचा. त्या संध्याकाळी किंवा पुढच्या रविवारी तो कीबोर्डवर बसून उत्तर तयार करायचा. कधी उलटंही व्हायचं. प्रमोद आधी स्वतःची चाल आणायचा आणि श्रुती तिला उत्तर द्यायची. त्याच्या चाली भारदस्त होत्या, घाई नसलेल्या. माणूस बोलायला कसा अडखळतो आणि चालीत कसा मोकळा होतो, याचं तिला नवल वाटायचं. त्या चालींवरून ती त्याला ओळखत होती. त्याच्याशी भांडण झालं, अबोला झाला, तरी रविवारची चाल आली की तिचा राग जायचा.

प्रमोदने चाळीस जणांचा एक गायकवृंद उभा केला. मुंबईच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला. रचनाकार म्हणून नाव प्रमोदचं एकट्याचं लागायचं. फॉर्मवर एकाच नावाची जागा असते, असं त्याने पहिल्या वर्षी सांगितलं होतं. नवऱ्याचं काय आणि आपलं काय, असं म्हणून श्रुतीने तो विषय पुन्हा काढला नाही.

या वर्षी मार्चमध्ये एका बुधवारी प्रमोदची आई, चिमाबाई, अंगणात पाय घसरून पडली. प्रमोदच्या कचेरीत मोठ्या साहेबांचा दौरा होता, म्हणून श्रुती रजा काढून गावी गेली. हाड शाबूत होतं, पाय मुरगळला होता. तिने सासूला हळदीचा लेप लावला, पेज करून दिली. भांडी घासायला मागच्या पडवीत बसली तेव्हा गडग्यापलीकडून, दोन घरांमधल्या दगडी कुंपणापलीकडून, क्लॅरिनेटचा आवाज आला.

पलीकडे गंगाराम गमरे राहायचे. बहात्तर वर्षांचे, एकटे. वाडीत त्यांना सगळे मामा म्हणत. मुंबईत एका बँडमध्ये त्यांनी तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं होतं हे श्रुतीला माहीत होतं. पण दात पडल्यावर वाजवणं सुटलं, असं प्रमोद सांगायचा, आणि ते खरंही होतं. लग्नापासून तिने त्यांना ओट्यावर पेपर वाचताना पाहिलं होतं, एवढीच ओळख.

"नवी कवळी केलीन गंगारामान," चिमाबाई आतून म्हणाली. "चार दिस झाले, पूं पूं चाललाय. दुपारचा डोळा लागू देत नाय."

श्रुती हसली आणि ऐकत राहिली. थोड्या वेळाने तिचे हात थांबले. मामा जी चाल वाजवत होते ती तिने कधी ऐकली नव्हती. पण गेल्या शनिवारी तिने स्वतः बांधलेली चाल तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाली आणि मामांच्या चालीवर जाऊन बसली. ती हलक्या आवाजात गुणगुणू लागली. प्रत्येक जागा जुळत होती. तिचा स्वर लांबला की क्लॅरिनेट हलायचं, तिच्या चालीने श्वास घेतला की तिथे क्लॅरिनेट बोलायचं.

तिला आधी आनंदच झाला. प्रमोदने उत्तर तयार करून मामांना वाजवायला दिलं असणार, तिला चकित करायला. पण रविवारी गावाहून आल्यावर तोच म्हणाला होता, अजून काही सुचलं नाही. आणि मामांचं वाजवणंही तिला वेगळं वाटू लागलं. शिकणारा माणूस चुकतो आणि परत तेच वाजवतो. मामा न चुकता थांबत होते आणि दुसरं वाजवत होते. एक स्वर बदलून पाहायचे, मग दोन मिनिटं शांतता, मग तिसराच स्वर. ती स्वतः वर्षानुवर्षं हेच करत आली होती. माणूस चाल वाजवतोय की चाल करतोय हे तिला कळत होतं.

ती गडग्यापाशी गेली नाही. मामांना विचारलं नाही, संध्याकाळी घरी येऊन प्रमोदलाही नाही. आपली काहीतरी चूक होत असेल, असं स्वतःला सांगत तिने रविवारची वाट पाहिली.

रविवारी प्रमोद पाचच्या सुमारास गावाहून आला. चहा घेतला, तोंड धुतलं आणि कीबोर्डपाशी बसला. श्रुतीने दिलेला कागद समोर ठेवला.

"आज काहीतरी डोक्यात आहे," तो म्हणाला. "बघू येतं का."

श्रुती खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसली. तेरा वर्षं ती अशीच बसत आली होती, कारण हे दोन तास तिला आठवड्यातले सगळ्यात आवडते होते. प्रमोदने तिची चाल वाजवली. मग खाली दोन स्वर वाजवले, मान हलवली, खोडले. पुन्हा प्रयत्न केला. डोळे मिटले. पंचमावर आला, तिथे अडकला, केसांतून हात फिरवला.

पुढचा स्वर कोणता ते श्रुतीला माहीत होतं. तिने तो बुधवारी ऐकला होता.

प्रमोदने आधी मुद्दाम चुकीचा स्वर लावला. तोंड वाकडं केलं. मग दुसरा. आणि मग, जणू आत्ताच सापडला, असा बरोबर स्वर लावून तिच्याकडे बघून हसला.

"कसं वाटतं?"

"छान," श्रुती म्हणाली.

तो लिहीत गेला. एका जागी त्याने खोडलं, तिथे मामांनीही बुधवारी बदल केला होता, आणि मामांनी ज्या स्वरावर शेवटी समाधान मानलं त्यावरच प्रमोदनेही मानलं. खोडाखोडसुद्धा उसनी होती. श्रुती शेवटपर्यंत बसून राहिली. या आधीचे किती रविवार ती अशी डोळे भरून बघत बसली होती, ते मोजायचं तिने टाळलं.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत रजा टाकली आणि सकाळची पावसची एसटी धरली. वाडीच्या फाट्यावर उतरून थेट मामांच्या घरी गेली. सासूला कळवलंही नाही. मामा ओट्यावर बसून क्लॅरिनेटची वेताची पाती जिभेने ओली करत होते.

"ये गो, सूनबाय. चिमीचा पाय कसा हाय?"

"बरा आहे. मामा, तुम्ही बुधवारी वाजवत होता ते ऐकलं मी. चांगलं वाटलं म्हणून आले."

मामांचा चेहरा उजळला. ते आत गेले आणि जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याखालून कागद घेऊन आले. पाच रेघांवर लिहिलेले काळे ठिपके. बँडवाले लिहितात तसे. श्रुतीला ते वाचता येत नव्हतं. ती आयुष्यभर सा रे ग म च लिहीत आली होती.

"तुला नाय कळायचं," मामा म्हणाले, अगदी प्रेमाने. "प्रमोद सांगतो, तू शाळेत प्रार्थना नि समूहगीतं शिकवतेस. हे जरा वेगळं असतं. आमचे बँडमास्तर होते, गोव्याचे, त्यांनी मला शिकवलं. दोन चाली एकत्र चालवायच्या, पण एकीनेही दुसरीची चाकरी करायची नाय. तीस वर्षांत मास्तरांनी हे मला एकट्यालाच दिलं. आणि मी प्रमोदला."

श्रुती कागदावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिली.

"तुझा नवरा मोठा माणूस हाय, श्रुती. तुला घरात राहून कळत नसेल. तो चाल घेऊन येतो, मी तिला उत्तर लिहितो. कधी मी चाल देतो, तो पंधरा दिवसांनी उत्तर आणतो. असं उत्तर, की मी चार चार दिवस कागद घेऊन फिरतो. दात गेले तेव्हा मला वाटलेलं, संपलं. हे पोरगं नसतं तर संपलंच असतं."

प्रमोदला दोन्ही लिप्या येत होत्या. शनिवारी श्रुतीचा कागद घ्यायचा, एसटीत बसून तो पाच रेघांवर उतरवायचा आणि मामांना द्यायचा, माझी चाल म्हणून. मामांचं उत्तर सा रे ग म मध्ये उतरवून घरी आणायचं, माझी चाल म्हणून. दोघांना एकमेकांचं अक्षर दिसणार नाही, दिसलं तरी वाचता येणार नाही. ओट्यावर बसल्या बसल्या श्रुतीला सगळं लख्ख दिसलं. यात प्रमोदने स्वतः एकही स्वर लिहिला नव्हता.

तिने ठरवलं, मामांना सांगायचं नाही. म्हाताऱ्याकडे तेवढंच होतं. ती उठली.

"थांब, ऐकून जा एक," मामा म्हणाले. "माझ्या डोक्यातून जात नाय म्हणून सांगतो. दिवाळीतली चाल. मी आधी लिहिलेली, त्याने वर उत्तर दिलं. बघ, मी इथे पंचमावरून खाली येतो. मध्यम, गंधार, रिषभ." त्यांनी वाजवून दाखवलं. "मी रिषभावर येतो तेव्हा त्याचा गंधार हलायला हवा. पण त्याने धरून ठेवलाय. एक मात्रा खटकतं. मग तो उतरतो आणि सगळं गोड होतं. मी त्याला विचारलं, का धरलास? तर म्हणतो, असंच सुचलं. असंच कसं सुचेल?"

"तुमच्याबरोबरच उतरले असते तर दोन चाली राहिल्याच नसत्या," श्रुती म्हणाली. "तुमची चाल माझ्या चालीची सावली झाली असती. तुमच्या रिषभाला एकट्याने उभं राहायला एक मात्रा हवी होती."

ती बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो.

मामांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. कागदावरच्या त्या धरलेल्या गंधारावर बोट ठेवलं.

"तुझ्या चालीची?"

श्रुतीने होकारार्थी मान हलवली.

"आणि त्याच्या आधीच्या? लग्नाआधीची, ती पहिली?"

"तीही माझी. सगळ्या माझ्याच, मामा. आणि मला वाटत होतं, उत्तरं त्याची."

"मग प्रमोदने काय लिहिलं?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. आपण याच उत्तरासाठी त्याच्याशी लग्न केलं, हे श्रुतीच्या अगदी ओठावर आलं होतं. म्हाताऱ्या माणसाला असं सांगणं बरं दिसलं नसतं.

मामा उठून आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. चहा करताहेत असं तिला वाटलं, पण ते नुसतेच भांडी इकडची तिकडे ठेवत होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"मी वाडीत सांगत फिरलो," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली एक पोरगा तयार झाला म्हणून. तेरा वर्षं सांगतोय."

"मामा, चाली तर खऱ्या आहेत."

"चाली खऱ्या हायत. पोरगा नाय."

संध्याकाळी प्रमोद कचेरीतून आला तेव्हा श्रुतीने त्याला चहासुद्धा विचारला नाही. मामांकडे जाऊन आले, एवढंच म्हणाली. त्याने बॅग खाली ठेवली. नाकारलं नाही. खुर्चीत बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

"मी खूप प्रयत्न केला," तो शेवटी म्हणाला. "तुझी पहिली चाल घेतली तेव्हा चार दिवस बसलो. मला काहीच येईना. मामांना दाखवली, त्यांनी अर्ध्या तासात लिहिली. मी घेऊन आलो. तेव्हाच सांगणार होतो."

"मग?"

"तू ज्या नजरेने बघितलंस माझ्याकडे, त्यानंतर कसं सांगणार?"

"तेरा वर्षांत एक रविवार मिळाला नाही?"

"मी सांगितलं असतं तर तू माझ्याशी लग्न केलं असतंस?"

श्रुतीने विचार केला. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. "नाही."

"मग झालं तर." तो कडवट हसला. "आणि एक सांग. मामा तिकडे, तू इकडे. तुम्हाला एकमेकांचं वाचतासुद्धा येत नाही. मी नसतो तर यातलं एक तरी गाणं झालं असतं? जोडलं कोणी?"

"जोडायला तोडून ठेवावं लागत नाही," श्रुती म्हणाली. "तू एकदा माझा हात धरून गडग्यापलीकडे नेलं असतंस तरी जोडलं गेलं असतं. तू त्यांना सांगितलंस, मी प्रार्थना शिकवते. मला यातलं कळत नाही."

प्रमोदने दुसरा बूट काढला.

बुद्धपौर्णिमेला शहरातल्या नाट्यगृहात वृंदाचा कार्यक्रम ठरलेला होता. श्रुतीच्या शाळेच्या बावीस मुली वरची चाल गाणार होत्या, प्रमोदचे पुरुष खालची. मुली जानेवारीपासून तालीम करत होत्या. त्यांचा काय दोष, म्हणून श्रुतीने कार्यक्रम मोडला नाही. तिने प्रमोदला एकच अट घातली. स्टेजवरून दोन्ही नावं सांगायची, मामांचं आणि माझं. पत्रिका छापून झाल्यात, पण बोलायला काय हरकत आहे.

"सांगतो," तो म्हणाला. "शब्द देतो."

आणि तिने पुन्हा एकदा विश्वास ठेवला.

मामा यायला तयार नव्हते. तीन वेळा जाऊन तिने मनवलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःची एकही रचना माणसांच्या तोंडून ऐकली नव्हती. प्रवास झेपणार नाही, गर्दी फार असते, असं सांगून प्रमोद दर वेळी टाळायचा. त्या संध्याकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. प्रमोदने स्टेजवरून त्यांना पाहिलं. श्रुतीने त्याला पाहताना पाहिलं.

प्रमोद माइकपाशी गेला. पाहुण्यांचे आभार मानले. मग म्हणाला, "या रचना माझ्या एकट्याच्या नाहीत. माझी पत्नी श्रुती हिची मोलाची साथ आहे. आणि आमच्या वाडीतल्या जुन्याजाणत्या मंडळींचे आशीर्वाद आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मागे सरला आणि श्रुतीला सुरुवात करायची खूण केली.

साथ आणि आशीर्वाद. तिसऱ्या रांगेत मामा समोर बघत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. बँडमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला नाव न घेतलं जाण्याची सवय असते.

श्रुतीने मुलींना हाताने थांबवलं आणि माइकपाशी गेली. तिला भाषण करायचं नव्हतं, येतही नव्हतं.

"खालची चाल गंगाराम गमरे यांची आहे," ती म्हणाली. "ते इथे बसलेत. वरची माझी आहे. प्रमोद मर्चंडे यांनी दोन्ही कागदांची नक्कल केली आहे."

नाट्यगृहात चुळबुळ झाली. कोणी हसलं, विनोद समजून. प्रमोद पुरुषांच्या रांगेपुढे उभा होता, तो हलला नाही. श्रुतीने हात वर केला आणि मुली गाऊ लागल्या, आणि चार मात्रांनी पुरुषांनी खालची चाल उचलली, कारण इतक्या तालमींनंतर ते दुसरं काही करूच शकत नव्हते.

गाणं फार सुंदर झालं. श्रुतीला ते सहन होईना. तिची अपेक्षा होती की खोटेपणाचा कुठेतरी डाग दिसेल, एखादी जागा फाटेल. काही फाटलं नाही. ज्या दोन माणसांची एकमेकांशी ओळख नव्हती ती तिथे एकमेकांना वाट देत होती, अडवत होती, समजून घेत होती.

कार्यक्रमानंतर मामा बाहेर पायरीवर चष्मा पुसत उभे होते. तिने विचारलं, "कसं वाटलं?"

"पोरी तिसऱ्या ओळीत घाई करतात," ते म्हणाले. आणि रिक्षा थांबवायला पुढे गेले.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. श्रुतीने शाळेजवळ एक खोली भाड्याने घेतली. प्रमोदने अडवलं नाही. दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत आला, एकदा म्हणाला, मामांचं नाव जिभेवर होतं, शेवटच्या क्षणी येईना. ते खरंही असेल. तिने ऐकून घेतलं आणि वर्गावर गेली. वृंद मोडला. प्रमोदने कीबोर्ड विकला असं कोणीतरी सांगितलं. चिमाबाईने माझ्या पोराचं नाव घालवलंत म्हणून मामांशी बोलणं टाकलं आणि दोन घरांमधली गडग्यातली वाट चिरे लावून बंद केली. मामांचं विहिरीचं पाणी त्या वाटेने यायचं. आता ते लांबून वळसा घालून आणतात.

श्रुती दर रविवारी मामांकडे जाते. सोपं होईल असं तिला वाटलं होतं, मधला माणूसच गेल्यावर. पहिले दोन महिने तर नुसती लिपी शिकण्यात गेले. ती पाच रेघा शिकली, मामा सा रे ग म लिहायला शिकले, दोघांचंही अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. मग तिने एक चाल दिली. मामांनी पंधरा दिवसांनी उत्तर दिलं. ते बरोबर होतं आणि त्यात काही नव्हतं. तिने नव्याने दुसरी दिली. तिलाही उत्तर तसंच आलं. सभ्य माणसं दारात उभी राहून आधी तुम्ही, आधी तुम्ही करतात, तशा दोन्ही चाली चालत होत्या.

"जमत नाही, मामा," ती एका रविवारी म्हणाली.

"नाय जमत." मामांनी कागद ओट्यावर ठेवला. "तुला एक सांगू? मला वाटायचं माझा पोरगा लिहितोय. त्याच्यावर मी रागावायचो, त्याला अडवायचो, मुद्दाम त्याच्या वाटेत पाय घालायचो, बघू काय करतो म्हणून. तुझ्याशी तसं कसं वागू? तुझ्या संसाराचं काय झालं ते मला माहीत हाय."

"मीही तुमच्याशी भांडत नाही," श्रुती म्हणाली. "मला वाटायचं नवरा आहे. कुठली जागा सोडायची नाही, असं ठरवून बसायचे."

मामा पहिल्यांदाच हसले, पण हसू टिकलं नाही. दोघांच्याही मनात तोच एक माणूस आला होता. दोघांनी मन मोकळं केलं ते त्याच्यापाशी, आणि तो तिथे नव्हताच.

"एस्टी कितीला?" मामांनी विचारलं.

"साडेपाचला. तासभर आहे अजून."

"मग बस. ही दुसरी ओळ बघू." त्यांनी पेन्सिल तिच्याकडे सरकवली. "आणि माझा पंचम आवडला नसेल तर तोंडावर सांग."

"नाही आवडला," श्रुती म्हणाली. "लवकर येतो."

मामांनी भुवई वर केली, रबर उचललं आणि पंचम खोडून टाकला. साडेपाचपर्यंत ते त्या एका ओळीवर बसले. दीड आवर्तन बरं झालं, बाकीचं सोडून द्यावं लागलं. श्रुतीने तेवढंच आपल्या वहीत उतरवून घेतलं, स्वतःच्या हाताने, पाच रेघांवर, आणि फाट्याकडे चालू लागली.